परदेशगमन : सल्ला कोणाचा आणि कसा घ्यावा?

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सव हा जसा मागे वळून पाहण्याचा प्रसंग, तसाच पुढील पिढीच्या हिताचा विचार करण्याचाही असतो. विजापूर रस्त्यालगत पसरलेल्या जुळे सोलापुरातील घराघरांतून आज एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मुलगा अभियंता झाला, मुलगी परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडली, पुतण्या सनदी लेखापाल झाला, भाचा आयटीआयमधून वीजतंत्री होऊन आला. आता परदेशी पाठवावे काय? प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की, या प्रश्नाचे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. परंतु खरे उत्तर देणारे फार थोडे.

स्थलांतर ही सोलापूरला नवी गोष्ट नव्हे. किंबहुना हे नगरच स्थलांतरितांनी घडविले. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कर्नाटकातून आलेली कुटुंबे, गुजरातेतून व्यापारासाठी येऊन येथेच स्थायिक झालेली जैन घराणी, या सर्वांच्या श्रमांतून सोलापूरच्या गिरण्या, हातमाग व पेठा उभ्या राहिल्या. याच नगरात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बाहेर जाण्याचे धैर्य या मातीत आहेच. प्रश्न आहे तो जाण्यापूर्वीच्या पूर्ण माहितीचा.

या बाबतीत महाराष्ट्राच्या इतिहासातील एक उदाहरण आजही मार्गदर्शक ठरावे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या अमेरिकेस कशा गेल्या, याचा तपशील फारसा सांगितला जात नाही. त्यांचे पती गोपाळराव यांनी प्रथम अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहून साहाय्य मागितले. मिळालेल्या उत्तरात साहाय्याबरोबरच धर्मांतराची अपेक्षा होती. गोपाळरावांना ती मान्य नव्हती. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला आणि तो न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी १८८० पासून या दांपत्याशी पत्रव्यवहार सुरू केला. कार्पेंटरबाईंना या जाण्यातून काहीही मिळवायचे नव्हते. जी मुलगी आपल्या घरी उतरणार आहे, तिची काळजी एवढाच त्यांचा संबंध होता. एकाच प्रश्नावर आलेल्या या दोन प्रतिसादांतील अंतर ध्यानात घेण्यासारखे आहे. पहिल्या साहाय्याला अट जोडलेली होती, दुसरे निरपेक्ष होते.

एप्रिल १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही निश्चित झाली होती. म्हणजे जाण्याचा हेतू, शिकण्याचे स्थान, उतरण्याचे घर आणि परतल्यावरचे काम, या चारही गोष्टी ठरलेल्या होत्या. तरीही तेथील थंडी आणि न मानवणारा आहार यांनी प्रकृती खालावली, क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. उत्तम सल्ला मिळूनही शरीर, हवामान व अन्न यांचा प्रश्न शेवटी ज्याचा त्यालाच सोसावा लागतो, हा या चरित्राचा दुसरा धडा होय. आज औषधे आहेत, दूरध्वनी आहे, विमान आहे. परंतु कोणत्याही सल्ल्याचे मोल करताना हे दोन्ही धडे उपयोगी पडतात.

आज सल्ला देणारे साधारणपणे चार प्रकारचे असतात. पहिला परदेशी पाठविणारा दलाल अथवा सल्लागार. उमेदवार गेला तरच त्याची कमाई होते. म्हणून ‘जाऊ नका’ हे वाक्य त्याच्या तोंडून क्वचितच निघेल. दुसरा परदेशस्थ नातलग. तो मनाने चांगला असतो. पण दिवाळीत सूटकेस भरून येताना तेथील भाडे, एकटेपण आणि नोकरी जाण्याची धास्ती तो बरोबर आणत नाही. शिवाय तो गेला तेव्हाचे नियम आणि आजचे नियम वेगळे असतात. तिसरा सल्ला भ्रमणध्वनीवरील चित्रफितींचा. त्यांत वेतनाचा आकडा असतो, खर्चाचा नसतो. चौथा सल्लागार म्हणजे जाऊन परत आलेला मनुष्य. त्याच्याजवळ सर्वांत अधिक माहिती असते आणि नेमके त्यालाच कोणी विचारत नाही.

त्याचे कारण समाजातच आहे. मुलगा परदेशी निघाला की पेढे वाटले जातात, सत्कार होतो, छायाचित्र छापले जाते. तोच मुलगा दोन वर्षांनी परत आला की घरचे लोक विषय टाळतात. ‘सुटीवर आला आहे’ असे सांगितले जाते. नोकरी गेली, पदवीला मान्यता मिळाली नाही, कर्ज फिटले नाही किंवा केवळ मन रमले नाही, यांपैकी काहीही उघडपणे बोलले जात नाही. परिणामी, पुढे जाणाऱ्याच्या कानावर निम्मीच हकीकत पडते आणि तो त्याच खड्ड्यात पाय टाकतो. स्याद्वादाचा वारसा सांगणाऱ्या समाजाने तरी एकाच बाजूने पाहिलेल्या सत्यावर मुलांची आयुष्ये सोपवू नयेत.

आता प्रत्यक्ष चौकशीकडे वळावे. जाऊ इच्छिणाऱ्याने आणि त्याच्या पालकांनी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी काढल्याखेरीज एक रुपयाही कोणास देऊ नये.

पहिला प्रश्न पदवीच्या मान्यतेचा. संगणक क्षेत्रातील बहुतेक कामांना परवाना लागत नाही; परंतु डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, शिक्षक, वकील हे व्यवसाय जवळपास प्रत्येक देशात परवान्याखाली असतात. भारतातील पदवी तेथे आपोआप चालत नाही. इंग्लंडमध्ये परिचारिकेस संगणकावरील परीक्षा व त्यानंतर प्रत्यक्ष कौशल्यांची परीक्षा द्यावी लागते. कॅनडात अभियंता म्हणून स्वाक्षरी करायची, तर त्या त्या प्रांताचा परवाना लागतो. भारतीय सनदी लेखापालांच्या संस्थेने काही देशांतील लेखापाल संस्थांशी करार केलेले आहेत. त्यामुळे काही विषयांत सवलत मिळते, तरी त्या देशाचा करकायदा शिकावाच लागतो. आयटीआयच्या मुलांबाबत जर्मनीचे उदाहरण बोलके आहे. तेथील कारागिरांचे प्रशिक्षण कारखाना व शाळा यांत मिळून साधारण तीन ते साडेतीन वर्षांचे असते. आपल्याकडील अनेक अभ्यासक्रम एक वा दोन वर्षांचे असल्याने पुष्कळदा अंशतः मान्यता मिळते आणि उरलेले प्रशिक्षण तेथे पूर्ण करावे लागते. ही गोष्ट निघण्यापूर्वी कळली तर ते नियोजन ठरते. पोहोचल्यावर कळली तर ती निराशा होते.

दुसरा प्रश्न भाषेचा. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. रुग्णांशी बोलता यावे, विद्यार्थ्यांना शिकविता यावे, म्हणून ते तेथे चिनी भाषा शिकले. परक्या देशात त्यांना जे प्रेम मिळाले, त्यात त्यांच्या शल्यकौशल्याबरोबर या भाषेचाही वाटा होता. आजही नियम तोच आहे. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी सामान्यतः बी-२ या पातळीची जर्मन भाषा अपेक्षित असते. अगदी प्रारंभापासून त्या पातळीपर्यंत पोहोचण्यास सहाशे ते आठशे तासिकांचा अभ्यास लागतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यास यात सहज दीड-दोन वर्षे जातात. ‘तीन महिन्यांत भाषा, सहा महिन्यांत व्हिसा’ असे सांगणारा मनुष्य एक तर अज्ञानी असतो किंवा उमेदवारास अज्ञानी समजत असतो.

तिसरा प्रश्न पैशाचा. व्यापारी समाजाला हिशेब शिकविण्याची आवश्यकता नाही. तरीही परदेशाच्या वेतनाचा आकडा ऐकला की भलेभले वजाबाकी विसरतात. एक नमुना पाहू. जर्मनीत २०२५ साली मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी ‘ब्ल्यू कार्ड’ मिळण्यास वर्षाला सुमारे ४३,७६० युरो वेतन असणे आवश्यक होते. हिशेबाच्या सोयीसाठी युरोचा भाव शंभर रुपये धरला तर येथे लगेच ‘त्रेचाळीस लाखांचे पॅकेज’ म्हणून बोलबाला होतो. आता वजाबाकी करावी. महिन्याचे सुमारे ३,६५० युरो. त्यातून कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन इत्यादी कपाती जाऊन एकट्या मनुष्याच्या हाती साधारण दोन-तृतीयांश म्हणजे २,४०० युरो येतात. भाडे ९०० आणि अन्न, प्रवास, वीज, दूरध्वनी मिळून ६०० धरले तर उरतात ९०० युरो, म्हणजे नव्वद हजार रुपये. ही रक्कम लहान नव्हे. परंतु ती त्रेचाळीस लाख नव्हे. त्यातून कर्जाचा हप्ता जायचा असेल, पत्नीला तेथे काम मिळालेले नसेल, मूल लहान असेल, तर शिल्लक किती राहते हे घरच्या माणसांनी आधीच कागदावर मांडावे. अर्थात आरोग्यविमा, मुलांचे मोफत शिक्षण व कामाचे ठरलेले तास यांचे मोलही त्याच कागदावर लिहावे. हिशेब दोन्ही बाजूंचा हवा.

चौथा प्रश्न हाती पडणाऱ्या कागदाचा. नोकरीचा व्हिसा, नोकरी शोधण्याचा परवाना आणि पर्यटकाचा व्हिसा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जर्मनीने १ जून २०२४ पासून ‘संधिपत्र’ म्हणता येईल अशी योजना सुरू केली. पात्र उमेदवारास तेथे जाऊन वर्षभर काम शोधता येते. मात्र या काळात आठवड्याला वीस तासच अर्धवेळ काम करता येते आणि निर्वाहाची तजवीज आधी दाखवावी लागते. २०२५ साली ती महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाला तेरा हजारांहून अधिक युरो होती. वर्षभरात योग्य काम न मिळाल्यास परतावे लागते. हे पत्र म्हणजे संधी होय, नोकरी नव्हे. आणि पर्यटकाच्या व्हिसावर ‘आधी जा, मग काम लावून देतो’ असे कोणी म्हणत असेल तर तेथूनच उठावे. थायलंडमधील संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून सुशिक्षित तरुणांना म्यानमारमध्ये नेले जाते व त्यांच्याकडून सायबर फसवणुकीची कामे करून घेतली जातात, असा इशारा भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ साली दिला होता. त्यात अडकलेली मुले अशिक्षित नव्हती.

पाचवा प्रश्न नियम बदलण्याचा. परदेशाचे दार त्या देशाच्या गरजेनुसार उघडते आणि मिटते. इंग्लंडने वृद्ध व रुग्णसेवेतील कामगारांसाठी दार उघडले तेव्हा सहस्रावधी लोक गेले. पुढे जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या क्षेत्रातील ४७० हून अधिक मालकांचे परवाने तेथील शासनाने रद्द केले. या मालकांशी निगडित कामगारांची संख्या ३९ हजारांच्या वर होती. जुलै २०२५ मध्ये तर या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद करण्यात आली. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजार अशी आहे. निवड सोडतीने होते. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांनी देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लक्ष डॉलर शुल्काची घोषणा केली आणि एका रात्रीत असंख्य कुटुंबांचे बेत कोलमडले. म्हणून एकाच देशावर, एकाच व्हिसावर आणि घर गहाण टाकून काढलेल्या कर्जावर सारा डाव लावणे शहाणपणाचे नाही.

सहावा प्रश्न घराचा आणि आचाराचा. शाकाहार पाळणे आता अनेक शहरांत कठीण राहिलेले नाही. लेस्टर, अँटवर्प येथे जिनमंदिरे आहेत. उत्तर अमेरिकेतील जैन संघांचा महासंघ १९८१ पासून कार्यरत आहे. परंतु कारखान्याच्या गावी, रात्रपाळीत, वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात आणि हिवाळ्यात चार-साडेचारलाच मावळणाऱ्या सूर्याच्या देशात सूर्यास्तापूर्वी भोजन कसे जमणार, हे ज्याने त्याने आधी मनाशी ठरवावे. त्याहून अवघड विषय वृद्ध आईवडिलांचा. इंग्लंडमध्ये आईवडिलांना कायम नेणे जवळजवळ अशक्यप्राय आहे. कॅनडात ते सोडतीवर अवलंबून राहिले आहे. जुळे सोलापुरातील कित्येक टुमदार बंगल्यांत आज दोनच माणसे राहतात. रात्री छातीत दुखू लागले तर रुग्णालयात कोण नेणार, हा प्रश्न निरोपाच्या दिवशी विचारणे अमंगल वाटते; म्हणून तो त्याआधी सहा महिने विचारावा.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाच्या उपक्रमाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र व जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्यांमध्ये कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. परिचारिका, वीजतंत्री, नळकारागीर, वाहनचालक, स्वयंपाकी अशा अनेक व्यवसायांतील दहा हजार युवकांना पाठविण्याचे उद्दिष्ट प्रथम ठरविण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन शासनाने कुशल भारतीयांना द्यावयाच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर केले. ही दारे खरी आहेत. मात्र करार दोन शासनांत झाला तरी नोकरीचा करार मालक व उमेदवार यांच्यातच होतो. आणि भाषा, मान्यता व मुलाखत या पायऱ्या ज्याच्या त्यालाच चढाव्या लागतात. शासनाच्या नावाने कोणी दलाल ‘तुमची जागा राखून ठेवतो’ म्हणत पैसे मागू लागला, तर त्याला नमस्कार करून परत पाठवावे.

दलालांविषयी कायदाही जाणून घ्यावा. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्यास केंद्र शासनाचा नोंदणी परवाना लागतो, असे १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाने ठरविले. तो परवाना खरा आहे काय, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर पाहता येते. त्या कायद्याखालील नियमांनी सेवाशुल्काची कमाल मर्यादा तीस हजार रुपये व त्यावरील कर एवढीच घातली. लाखांत बोलणाऱ्याने ही मर्यादा ओलांडलेली असते, हे सांगणे नको. पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. मूळ पारपत्र व मूळ गुणपत्रिका कोणाच्या कपाटात ठेवू नयेत. ज्या भाषेतील करारनामा वाचता येत नाही, त्यावर स्वाक्षरी करू नये.

एवढे सर्व ऐकून कोणी म्हणेल की, हा न जाण्याचाच उपदेश झाला. तसे मुळीच नाही. पूर्ण माहितीने गेलेली मुले तेथे ताठ मानेने जगतात आणि घरालाही हातभार लावतात. तद्वतच पूर्ण माहिती घेऊन न गेलेली मुलेही काही गमावत नाहीत. दुःख होते ते अर्धवट माहितीने गेलेल्याचे आणि त्याहून अधिक त्याच्या बापाने फेडलेल्या व्याजाचे.

म्हणूनच पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या विश्वस्त संस्थेने एक साधे कार्य हाती घ्यावे, अशी नम्र सूचना आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, वैद्यकीय साहाय्य ही कामे समाजाने आजवर केली. त्यांच्या शेजारी एक वही ठेवावी. परदेशी असलेल्या आणि परदेशातून परत आलेल्या समाजबांधवांची देश व व्यवसायवार नोंद त्या वहीत असावी. महिन्यातून एका रविवारी त्यांच्यापैकी कोणी प्रत्यक्ष वा दूरध्वनीवरून तरुणांशी बोलावे. बोलणाऱ्याने तीनच गोष्टी सांगाव्यात : किती खर्च आला, किती काळ लागला आणि आज पुन्हा निर्णय घ्यायचा तर काय वेगळे केले असते. या वहीसाठी इमारत नको, निधीही नको. परत आलेल्या माणसाला मानाने बसविण्याची तेवढी तयारी हवी.

जाणाऱ्याचा सत्कार समाज करतोच. तो जरूर करावा. पुढील समारंभात त्याच व्यासपीठावर परत आलेल्या एखाद्या मुलालाही बोलवावे आणि त्याचे म्हणणे संकोच न बाळगता ऐकावे. त्याच्या बोलण्याने दोन घरे जरी कर्जातून वाचली आणि दोन मुले जरी पूर्ण तयारीने निघाली, तरी सुवर्णमहोत्सवाच्या खर्चाचे चीज झाले असे समजावे.

जय जिनेंद्र!